श्रवणयंत्रे लावल्यापासून आवाज ऐकू येतात, पण लक्ष टिकत नाही

प्रश्न
नारायणपेठकर, २६ एप्रिल

माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे पुण्यातील छापखान्यांसाठी मुद्रितशोधनाचे काम केले. आजही एखाद्या परिचिताचे हस्तलिखित हाती आले की ते सकाळी दोन-तीन तास सलग बसतात आणि त्यांच्या नजरेतून एक वेलांटीही सुटत नाही. हे मुद्दाम आधी सांगते, कारण माझा प्रश्न त्यांच्या लक्षाविषयीचाच आहे.

गेल्या चार-पाच वर्षांत त्यांचे ऐकणे कमी होत गेले. आम्हाला ते आधी जाणवले. त्यांचे म्हणणे असे की, घरातले सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. फेब्रुवारीत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढून, पडदे तपासून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घेतली. उजव्या कानाचे आकडे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर अनुक्रमे ३०, ४०, ५५ आणि ७० डेसिबल आले (आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी). डावा कान जवळपास तसाच आहे. हाडामार्फत घेतलेल्या चाचणीतही तेच आकडे मिळाल्यामुळे दोष आतल्या कानात आहे आणि तो औषधाने किंवा शस्त्रक्रियेने जाण्यासारखा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही कानांसाठी यंत्रे त्यांनीच सुचवली आणि ती आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुकानातून घेतली.

सात आठवड्यांनंतरची स्थिती अशी आहे. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, नातवाची हाक हे सगळे त्यांना ऐकू येते. परंतु पूर्वी जेवणाच्या वेळी ते निदान शांत बसत असत. आता पंखा, भांडी, खालच्या गल्लीतली दुचाकी अशा प्रत्येक आवाजाकडे त्यांची मान वळते आणि समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर सुटते. दुपारी चारच्या सुमारास ते इतके थकतात की यंत्रे काढून डबीत ठेवतात. परवा वसंत व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाला हौसेने गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. ‘शब्द सगळे ऐकू आले, वाक्य एकही लागले नाही,’ असे ते म्हणाले.

यंत्रामुळे लक्ष विचलित होते असे कधी घडते का? की ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात समजावी? एक नातेवाईक सांगतात की यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, आणि दुकानदार सांगतात की याच्या दुप्पट किमतीचे यंत्र घेतल्यास गोंगाट आपोआप गाळला जाईल. दोघांच्याही बोलण्यावर माझा पुरता विश्वास बसत नाही.

उत्तर १
सदाशिव पेठेतील श्रोता, २६ एप्रिल

मी २०१७ पासून दोन्ही कानांत यंत्रे वापरतो, म्हणून अनुभवापुरते लिहितो. पहिल्या महिन्यात मला स्वतःच्या चिवडा खाण्याचा आवाज इतका मोठा वाटत असे की समोरच्याने काही विचारले तर मी चावणे थांबवून ‘काय?’ म्हणत असे. वर्तमानपत्राचे पान उलटणे म्हणजे कोणी पत्रा ओढतो आहे असे वाटे. दुसऱ्या महिन्यात मीही यंत्रे कपाटात ठेवून मोकळा झालो होतो, आणि ती चूक होती; कारण पुन्हा लावली तेव्हा सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले.

मला ज्याचा उपयोग झाला तो उपाय साधा आहे आणि आपल्या वडिलांच्या स्वभावाला मानवेल असे वाटते. माझी पत्नी रोज सकाळी वर्तमानपत्रातील एक लेख मोठ्याने वाचत असे आणि मी त्याच लेखाच्या दुसऱ्या प्रतीवर नजर ठेवून ऐकत असे. आठवड्याभराने मी प्रत मिटून ठेवू लागलो आणि वाचून झाल्यावरच उघडून पाहू लागलो. तोपर्यंत रेडिओवरील बातम्या लावायच्या नाहीत असे आम्ही ठरवले होते, कारण निवेदक थांबत नाही आणि आपण एक शब्द शोधत असताना तो तीन बातम्या पुढे जातो.

एक वेगळी गोष्ट, विषयाला सोडून नाही. गाण्याच्या बैठकीत मला तानपुरा मधूनच थरथरल्यासारखा ऐकू येत असे आणि मी दोष वाजवणाऱ्याला देत असे. पुढे कळले की यंत्रातून कधी कधी जी शिट्टी निघते ती दाबणारी एक व्यवस्था यंत्रातच असते आणि लांबलेला स्थिर सूर ती शिट्टी समजून खोडू पाहते. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेतल्यावर सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा पूर्ण वेळ बसता आले. सांगायचे एवढेच की, आपले लक्ष उडाले असे वाटते तेव्हा काही वेळा ते यंत्राने उडवलेले असते.

उत्तर २
श्रवणतज्ज्ञ, कर्वेनगर, २७ एप्रिल

मी या व्यवसायात बरीच वर्षे आहे. तरी न तपासलेल्या व्यक्तीविषयी लिहिते आहे हे ध्यानात ठेवून वाचावे.

आपल्या पत्रातील सर्वात मोलाची माहिती मला मुद्रितशोधनाची वाटते. जो माणूस तीन तास प्रुफावर नजर रोखून धरतो, त्याची एकाग्रतेची शक्ती जागेवर आहे, निदान वाचनापुरती तरी निश्चित. ऐकताना मात्र त्या शक्तीचा फार मोठा वाटा शब्द ओळखण्यातच खर्च होतो आणि अर्थ धरून ठेवायला थोडी उरते. फिकट शाईने छापलेले प्रूफ तपासायला दिले तर वडील ते वाचतील, परंतु दुप्पट वेळ लागेल, डोळे शिणतील आणि शेवटी मजकूर कशाविषयी होता असे विचारल्यास त्यांना थांबून आठवावे लागेल. दुपारी चारचा थकवा हा त्याच जातीचा आहे.

हे असे का होते, ते त्यांच्या आकड्यांवरून दिसते. वयोमानाने कमी होणाऱ्या ऐकण्यात शंखाकृती आंतरकर्णाच्या तळाकडील, म्हणजे उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या, केसपेशी आधी जातात. मराठीतील स्वर मोठे आणि खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे ते ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी व्यंजने क्षीण आणि उंच पट्टीत असतात, त्यामुळे ती हरवतात. आपल्या भाषेत तर कोणाशी बोलले जात आहे हेसुद्धा अनेकदा शेवटच्या क्षीण व्यंजनावर ठरते. ‘जेवलास का’, ‘जेवलात का’ आणि ‘जेवला का’ ही तीन वाक्ये त्यांच्या कानाला एकसारखीच येत असणार, आणि प्रश्न आपल्याला आहे, शेजारच्याला आहे की तिसऱ्या कोणाविषयी आहे, हे त्यांना दर वेळी अंदाजाने ठरवावे लागत असणार. हा अंदाज मेंदू ज्या जागेत बांधतो, त्याच जागेत वाक्याचा पूर्वार्धही सांभाळायचा असतो.

यंत्र काय करते, तर क्षीण व्यंजने ऐकू येण्याजोगी मोठी करते. गेलेल्या केसपेशी ते परत आणत नाही, आणि त्या पेशींमुळे जवळजवळच्या पट्टीतील आवाजांमधला फरक जितका स्पष्ट कळत होता तितका तो यंत्रातूनही कळत नाही. चष्म्याची उपमा म्हणूनच फसवी आहे; चष्मा लावल्या क्षणी अक्षर स्पष्ट होते, यंत्र लावल्या क्षणी फक्त आवाज वाढतो. त्याबरोबर गेल्या चार-पाच वर्षांत मेंदूला न मिळालेले पंख्याचे, भांड्यांचे, कागदाचे आवाजही परत येतात. आपण हे आवाज रोज ऐकतो आणि रोज बाजूला टाकतो. हे बाजूला टाकणे सरावाने येते आणि सराव मोडला की तो पुन्हा करावा लागतो. त्याला काही आठवडे, पुष्कळांना काही महिने लागतात. सात आठवड्यांत मान प्रत्येक आवाजाकडे वळणे मला काळजीचे वाटत नाही. मात्र दुपारी चारला यंत्रे काढली जात असतील तर सराव निम्माच होतो आहे. बहुतेक यंत्रे रोज सरासरी किती तास वापरली गेली याची नोंद स्वतःच ठेवतात. पुढच्या भेटीत ती पाहून घ्यावी. आमच्याकडे येणाऱ्यांच्या सांगण्यात आणि त्या नोंदीत बहुधा फरक निघतो, आणि त्यात खोटेपणा नसतो.

दुप्पट किमतीचे यंत्र घेण्याआधी आताच्या यंत्रांचे मोजमाप झाले होते का, ते विचारावे. कानाच्या पडद्याजवळ एक बारीक नळी ठेवून, यंत्र लावलेल्या स्थितीत प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजता येते आणि तो ऑडिओमेट्रीच्या आकड्यांवरून सूत्राने काढलेल्या लक्ष्याशी जुळवता येतो. संगणकात आकडे भरून कंपनीचे सॉफ्टवेअर जे देईल ते ठेवून दिले, तर उंच पट्टीतील आवाज पुष्कळदा अपुरा राहतो, कारण प्रत्येकाच्या कानाच्या नळीचा आकार वेगळा असतो. अशा वेळी आवाज मोठा होतो आणि व्यंजने तरीही हरवतात. ‘शब्द ऐकू आले, वाक्य लागले नाही’ ही तक्रार ऐकून मी सर्वप्रथम हे मोजमाप करीन. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडूनच ते करून घ्यावे. पुण्यात भारती विद्यापीठात हा विषय शिकवला जातो, तेथेही चौकशी करता येईल.

गोंगाट आपोआप गाळला जातो हे विधान अर्धेच खरे आहे. यंत्रातील दिशादर्शी मायक्रोफोन समोरचा आवाज उचलतात आणि मागचा कमी करतात, त्यामुळे जेवताना वडिलांची पाठ स्वयंपाकघराकडे आणि तोंड बोलणाऱ्यांकडे असेल तर फायदा होतो. उलट बसवले तर महागडे यंत्रही मिक्सरच ऐकवते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणून दुसऱ्या खोलीतून हाक मारण्यापेक्षा दोन पावले जवळ जाणे बरे. आणि यंत्रे दोन्ही कानांत हवीत. आवाज कोणत्या कानाला आधी पोहोचला यावरून, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेल्या फरकावरून, मेंदू त्याची दिशा ठरवतो आणि गर्दीतून एक बोलणे वेगळे काढतो. एकच यंत्र वापरल्यास हा आधार दुबळा होतो. व्याख्यानासाठी वक्त्याजवळ ठेवण्याचा छोटा बिनतारी मायक्रोफोन मिळतो. मोठ्या सभागृहाच्या प्रतिध्वनीवर त्याइतका उपयोगी उपाय मला माहीत नाही.

विस्मरणाबद्दल. स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांमधील बरेच प्रश्न तोंडी विचारले जातात, आणि ज्याला प्रश्नच नीट ऐकू आला नाही त्याला गुण कमी पडणारच. चाचणी करायची असेल तर यंत्रे लावून, शांत खोलीत करावी. परंतु ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशाच्या व्यवहारात नव्याने घोळ होणे, नीट ऐकू आलेले उत्तरही थोड्या वेळाने पुन्हा विचारणे असे काही दिसल्यास ऐकण्याचे निमित्त पुढे न करता मेंदुविकारतज्ज्ञांना भेटावे. आणि एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर ते वय समजून घरी बसू नये; त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण त्यावरील औषध सुरुवातीच्या दिवसांतच दिले तर उपयोगाची शक्यता अधिक असते.

उत्तर ३
बावधनहून एक आई, २७ एप्रिल

वयाचे दुसरे टोक सांगते. माझा मुलगा पहिलीत असताना तो ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा दोनदा आला. तपासणीत मधल्या कानात, पडद्यामागे, चिकट द्रव साठलेला निघाला. ऐकण्यात सुमारे ३० डेसिबलची घट होती. डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहिली, द्रव गेला नाही, मग पडद्यात छोट्या नळ्या बसवल्या. ऐकणे दोन दिवसांत सुधारले. वर्गातले लक्ष सुधारायला पूर्ण एक सत्र गेले, कारण न कळणारे बोलणे सोडून देऊन खिडकीबाहेर पाहायची सवय त्याला लागली होती आणि ती नळ्यांनी जाणारी नव्हती. शिक्षिकेने त्याला पुढच्या बाकावर, भिंतीपासून दूर बसवले आणि सूचना देण्याआधी त्याचे नाव घ्यायला सुरुवात केली. आपल्या घरीही आधी ‘बाबा’ म्हणून मग बोलून पाहावे.

उत्तर ४
आकडेमोड, २८ एप्रिल

नातेवाइकांच्या विधानापुरते लिहितो. ‘द लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत बहिरेपणाचा समावेश आहे, हे खरे. परंतु ती गणना संपूर्ण लोकसंख्येची आहे. एका माणसाने यंत्र लावल्यावर त्याचे काय होईल हे त्यातून काढता येत नाही.

त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी लागते, आणि अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी एका गटाला श्रवणयंत्रे व समुपदेशन आणि दुसऱ्याला आरोग्यशिक्षण देऊन तीन वर्षे पाहण्यात आले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बौद्धिक क्षमतेच्या घसरणीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले २३८ जण मात्र वयाने मोठे आणि अधिक जोखमीचे होते. त्यांच्यात यंत्रे मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंद होती. जाहिरातीत हा ४८ चा आकडा दिसतो आणि आधीचे वाक्य दिसत नाही. वडिलांनी यंत्रे घालावीत ती जेवणाच्या टेबलावरचे बोलणे कळावे म्हणून. तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

पुन्हा प्रश्नकर्ती
नारायणपेठकर, १९ जुलै

सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबले होते.

मे महिन्यात एका नोंदणीकृत श्रवणतज्ज्ञांकडून नळी ठेवून मोजमाप करून घेतले. आमच्या दुकानात ते झालेच नव्हते. ३००० हर्ट्झच्या पुढे उजव्या कानात लक्ष्यापेक्षा सुमारे १२ डेसिबल कमी पोहोचत होते. वापराची नोंद पाहिली तर रोजची सरासरी चार तास निघाली. बाबा मात्र ‘दिवसभर घालतो’ असेच सांगत होते आणि मलाही ते खरे वाटत होते. यंत्रे तीच ठेवली, मांडणी बदलली. दोन आठवडे त्यांना आवाज टोचतो अशी तक्रार होती, म्हणून वाढ एकदम न करता तीन भेटींत केली गेली. आता सरासरी दहा तासांवर आहे.

एकत्र वाचनाचा उपाय आम्ही घेतला, आणि त्यात बाबांनी स्वतःची भर घातली. चुकून ऐकलेल्या शब्दांचे ते एका वहीत शुद्धिपत्र ठेवतात: डावीकडे ‘ऐकले’, उजवीकडे ‘म्हटले होते’. ‘साठ’ म्हटले होते, ‘सात’ ऐकले. ‘ताट’ म्हटले होते, ‘पाट’ ऐकले. ‘कोट’ म्हटले होते, ‘पोट’ ऐकले. तिसऱ्या भेटीत त्यांनी ही वही तज्ज्ञांपुढे ठेवली आणि पुढचे फेरफार त्यावरूनही झाले. पालख्या शहरात मुक्कामाला होत्या तेव्हा गर्दीत यंत्रे काढतील असे मला वाटले होते. पण टाळ इतका स्वच्छ कित्येक वर्षांत ऐकला नव्हता म्हणून ती त्यांनी काढली नाहीत. चार जणांच्या गप्पांत धागा अजूनही सुटतो, दोघांच्या बोलण्यात सहसा नाही. थकवा चारऐवजी सात-साडेसातला येतो. स्मृतीची चाचणी यंत्रे लावून करून घेतली, ती वयाला साजेशी आली.

एक प्रश्न उरतो. पावसाळा सुरू झाल्यापासून डावे यंत्र मधूनच बंद पडते आणि पुसून लावले की सुरू होते.

उत्तर ५
श्रवणतज्ज्ञ, कर्वेनगर, १९ जुलै

बहुधा घाम आणि दमटपणा. रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत, सेलचे झाकण उघडे ठेवून ठेवावीत, आणि कानात जाणाऱ्या टोकावरील मळाची जाळी बदलून पाहावी. नवा सेल घालताना त्याचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मगच झाकण लावावे. त्या सेलला चालू होण्यासाठी हवा लागते. तरीही बंद पडले तर यंत्र दुरुस्तीला द्यावे, तोवर दुसरे चालू ठेवावे.

शुद्धिपत्राची कल्पना मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगेन. वडिलांना जमल्यास आणखी दोन रकाने पाडायला सांगा: बोलणारा किती अंतरावर होता, आणि पंखा चालू होता की नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती
नारायणपेठकर, २० जुलै

जाळी मळाने पूर्ण बंद झाली होती. बदलल्यावर यंत्र सुरळीत चालते आहे. रकाने बाबांनी काल रात्रीच आखले. त्यांनी स्वतःहून आणखी एक जोडला आहे, ‘बोलणाऱ्याच्या तोंडात घास होता काय’, आणि त्यात आतापर्यंतच्या तिन्ही नोंदी माझ्या नावावर आहेत.